99.9 टक्के अचूक म्हणजे नेमके किती मायक्रॉन?

मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दातांच्या इम्प्लांटबद्दल, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी हाडात बसवायच्या टायटॅनियमच्या खुंटीबद्दल, पानभर मजकूर आला होता. वर बारीक अक्षरांत 'जाहिरात' असं छापलेलं होतं, ते माझ्या मिसेसनी दाखवल्यावर दिसलं. 'तोंडात मसाला नको, ओकारी नको. दोन मिनिटांत डिजिटल स्कॅन, 99.9 टक्के अचूक' असं त्यात ठळक टायपात होतं. मसाल्याचं आणि ओकारीचं अगदी खरं आहे. पूर्वी माप घेताना तो गार लगदा घशाकडे सरकला की जीव नकोसा व्हायचा. पण 99.9 टक्क्यांवर लिहिल्याशिवाय राहवत नाही. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोल विभागात मी 34 वर्षं मोजमापावरच पोट भरलं, आणि गेल्या वर्षी हे स्कॅन माझ्याच जबड्यावर झालं.

पहिला प्रश्न साधा आहे. 99.9 टक्के, पण कशाचे? आमच्या स्टँडर्ड्स रूममध्ये, म्हणजे मापं तपासायच्या खोलीत, कुणी एखाद्या सुट्या भागाबद्दल 'हा जॉब 99.9 टक्के बरोबर आहे' असं म्हणाला असता तर त्याला चहा पाजून परत पाठवला असता. मापात टक्के नसतात. माप अमुक, त्यात अधिक-उणे तमुक, असं असतं. माझ्या खालच्या जबड्यात चार इम्प्लांट आहेत. डावीकडच्या शेवटच्यापासून उजवीकडच्या शेवटच्यापर्यंत सरळ रेषेत साधारण 40 मिलीमीटर भरतात. त्याचा 0.1 टक्का म्हणजे 40 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग), माणसाच्या केसाच्या निम्म्याहून थोडं जास्त. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण चार स्क्रू एकाच वेळी चार ठिकाणी सरळ उतरायचे असतील तर 40 मायक्रॉन पुष्कळ झाले, आणि प्रत्यक्षात चूक तेवढ्यावर थांबेल याचीही हमी नसते.

इथे नैसर्गिक दात आणि इम्प्लांट यांतला फरक सांगायला हवा. दात हाडात घट्ट रोवलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती धाग्यांचं एक पातळ आवरण असतं, आणि त्यामुळे चावताना दात 25 ते 100 मायक्रॉन खाली दबू शकतो. म्हणून नैसर्गिक दातांवर बसवलेला ब्रिज, म्हणजे एकत्र जोडलेल्या दातांची ओळ, थोडा चुकला तरी दात सांभाळून घेतात. इम्प्लांट थेट हाडाशी जुळलेला असतो, तो जेमतेम 3 ते 5 मायक्रॉन दबतो. तो काही सांभाळून घेत नाही. चूक झाली की ताण स्क्रूवर येतो. मग स्क्रू सैल होतो, कधी तुटतो, कधी वरच्या सिरॅमिकचा टवका उडतो. त्या ताणाने हाड झिजतंच असं मी म्हणणार नाही, तेवढा माझा अधिकार नाही. स्क्रूबद्दल मात्र मी बोलू शकतो.

आता स्कॅनरची बाजूही सांगतो, नाहीतर म्हातारा नव्या यंत्रावर उगाच खेकसतोय असं वाटायचं. मिसेसची खालची एक दाढ गेली होती. तिथे एक इम्प्लांट बसवला. त्याच दवाखान्यात, त्याच स्कॅनरने माप घेतलं आणि कॅप पहिल्याच ट्रायलला बसली, घासावीसुद्धा लागली नाही. एका दाढेच्या कामात अंतर थोडं असतं आणि दोन्ही बाजूंना खरे दात उभे असतात. कॅमेऱ्याला खुणा भरपूर मिळतात. हे तंत्र मुळात एका दातासाठीच जन्माला आलं. 1985 साली झ्युरिकमध्ये मॉरमान नावाच्या दंतवैद्याने आणि ब्रांडेस्टिनी नावाच्या इंजिनिअरने दातातली पोकळी कॅमेऱ्याने मोजून तिथल्या तिथे सिरॅमिकचं भरण कापून बसवलं. त्यानंतर यंत्रं कुठल्या कुठे पोहोचली, पण एक दात आणि अख्खा जबडा यांतलं अंतर यंत्र सुधारलं म्हणून पुसलं जात नाही.

माझी गोष्ट अख्ख्या जबड्याची. हिरड्यांच्या जुन्या आजारात खालचे सगळे दात गेले. 'दातांच्या कण्या करून सांगणं' आपण म्हणतो, माझ्याकडे कण्या करायलाही काही उरलं नव्हतं. चार इम्प्लांट बसले, पुढचे दोन सरळ आणि मागचे दोन तिरके. चार महिने तात्पुरत्या दातांवर काढले, मग पक्क्या ब्रिजसाठी स्कॅन. डॉक्टर तरुण आहेत, हुशार आहेत, मला काका म्हणतात. त्या दिवशी गर्दी होती, म्हणून स्कॅनची कांडी सहायक मुलीच्या हातात आली. ती नवीन होती. मी खुर्चीत आडवा, तोंड उघडं, नजर पडद्यावर.

पडद्यावर जे दिसलं ते आधी सांगतो. कांडीच्या टोकाला कॅमेरा असतो, त्याला एका वेळी बोटाच्या पेराएवढाच भाग दिसतो. तो धडाधड फोटो घेत जातो आणि सॉफ्टवेअर प्रत्येक नव्या तुकड्याला आधीच्या तुकड्यावर चिकटवतं. म्हणजे सगळा जबडा एका दमात कधीच मोजला जात नाही. आमच्या गावाकडे जमिनीची मोजणी शंकू-साखळीने व्हायची तसंच हे. एक साखळी टाकायची, खूण करायची, तिथून पुढची साखळी. दरवेळी बोटभर चूक झाली तर शेताच्या दुसऱ्या टोकाला शेजाऱ्याच्या बांधावर भांडण ठरलेलं. तुकडा जोडताना कोनात जर केवळ 0.1 अंशाचा फरक पडला, तर 40 मिलीमीटर पलीकडे तो 70 मायक्रॉन होतो. हे मी खुर्चीतच तोंडी गणित करून पाहिलं. दुसरं काही करता येत नव्हतं.

त्यातून दात नसलेली हिरडी म्हणजे बांध नसलेलं शेत. गुळगुळीत, ओली, चकाकती, सगळीकडे सारखी गुलाबी. सॉफ्टवेअरला तुकडे जुळवायला खाचाखोचा लागतात, त्या तिथे नाहीत. वरच्या जबड्यात निदान टाळूच्या वळ्या असतात. खाली मध्ये जीभ, खालून लाळ, बाजूंनी गाल, आणि हिरडीही जिभेबरोबर हलते. माझी जीभ तर ऐकतच नव्हती. पुढच्या आणि मागच्या इम्प्लांटच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यावर स्कॅन तीनदा तुटलं. मुलीने तो भाग पडद्यावर खोडला आणि तेवढाच पुन्हा स्कॅन केला. मग तुटलं, पुन्हा खोडलं. मी तेव्हाच मनात म्हटलं, पोरी, हे ठिगळ आहे. खोडून पुन्हा स्कॅन केलेला भाग मूळच्या सलग स्कॅनइतका नेमका जुळत नाही. पण तोंडात कांडी असताना कोण बोलणार? शेवटी पडद्यावर चित्र असं सुंदर उमटलं की मलाच माझा जबडा आवडला. राहिलेली भोकं सॉफ्टवेअर स्वतःच अंदाजाने बुजवून टाकतं हे मला नंतर कळलं.

इम्प्लांट तर हाडात बुडालेला, तो कॅमेऱ्याला दिसणार कसा? त्यासाठी प्रत्येकावर एक छोटा खांब स्क्रूने बसवतात, त्याला स्कॅन बॉडी म्हणतात. कॅमेरा तो खांब पाहतो, सॉफ्टवेअर आपल्या यादीतला त्याच आकाराचा खांब त्यावर बसवतं आणि त्यावरून खाली इम्प्लांट कुठे, किती तिरका हे ठरवतं. आमच्या भाषेत हा डेटम, म्हणजे ज्यावरून बाकीची सगळी मापं धरायची तो आधार. डेटम हलला तर सगळं ड्रॉइंग हललं. हा खांब पूर्ण खाली टेकला आहे का, मध्ये हिरडीचा तुकडा अडकला आहे का, तो किती जोराने आवळला, यावर पुढचं सारं अवलंबून. बरेच खांब पीक नावाच्या प्लास्टिकचे असतात. ते जास्त आवळले तर दबतात आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, पुन्हा पुन्हा उकडून निघाले की झिजतात. टायटॅनियमचे टिकतात, पण चकाकतात, आणि चकाकी कॅमेऱ्याला त्रास देते. इम्प्लांट हिरडीत खोल असेल तर खांबाचा दिसणारा भाग कमी, म्हणजे सॉफ्टवेअरला पुरावा कमी. आणि यादीतून चुकीच्या कंपनीचा खांब निवडला गेला तर मायक्रॉन सोडा, थेट मिलीमीटरमध्ये घोटाळा होतो.

तीन आठवड्यांनी ब्रिजचा सांगाडा, म्हणजे टायटॅनियमची फ्रेम आली. संगणकाने चालणाऱ्या सीएनसी मशीनवर कापलेली, फिनिश असा की मी खिशातलं भिंग काढून दोन मिनिटं नुसता पाहत राहिलो. डॉक्टरांनी चारही स्क्रू आवळले आणि म्हणाले, 'काका, मस्त बसली.' मला मात्र जबडा कुणीतरी दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरल्यासारखा वाटत होता. मी म्हटलं, 'डॉक्टर, तीन स्क्रू काढा. उजवीकडचा शेवटचा तेवढा ठेवा.' चार स्क्रूंनी आवळलं तर वाकडी फ्रेमही बसल्यासारखी दिसते. कारखान्यात आम्ही वाकडी प्लेट अशीच पकडायचो, एक बोल्ट आवळायचा आणि दुसरं टोक उचलतं का बघायचं. दंतवैद्यकातही ही एका स्क्रूची चाचणी जुनी आणि प्रतिष्ठित आहे, पुस्तकात आहे. डॉक्टरांना ती ठाऊक होती, गर्दीत राहून गेली होती. तीन स्क्रू काढले आणि डावीकडचं टोक उचललं. एक्स-रे काढला, त्यात काळी फट स्पष्ट दिसली. मी विनोदाने फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, आणू का विचारलं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी फ्रेम काढून ट्रेमध्ये ठेवली आणि म्हणाले, 'परत करू. पैसे लागणार नाहीत.' माझा त्यांच्यावरचा विश्वास त्या दिवशी वाढला, हे इथे नमूद करतो.

फ्रेम कापणाऱ्या मशीनचा काही दोष नव्हता. तिने स्कॅनची फाइल जशी दिली तशी बिनचूक कापली. चूक फाइलमध्येच होती.

किती फट चालते, हे मी डॉक्टरांना विचारलं, आणि उत्तर ऐकून मला झोप आली नाही. ज्या ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गला पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले, त्यांनी 1983 मध्ये 10 मायक्रॉनचा आग्रह धरला. त्याच देशातल्या टॉर्स्टन येम्ट यांनी 1991 मध्ये 150 मायक्रॉनपर्यंत चालेल असं मांडलं. पंधरा पट फरक! आणि या दोघांच्या मध्ये कुठे रेघ मारायची यावर अजून एकमत नाही. म्हणजे ड्रॉइंगवर टॉलरन्सच (किती चूक चालेल ती मर्यादा) छापलेला नाही. टॉलरन्स नसलेल्या जॉबला इन्स्पेक्टर पास कसा करणार आणि रिजेक्ट तरी कसा करणार? मग 99.9 टक्के कशाशी ताडून पाहिले, हे त्या जाहिरातवाल्यांनीच सांगावं.

आणखी एक गोष्ट या जाहिराती गाळतात. अचूकतेचे दोन भाग असतात. माप खऱ्या मापाच्या किती जवळ आहे हा एक, आणि दहादा मोजलं तर दहाही वेळा तेच येतं का हा दुसरा. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या 5725 या मानकात हे दोन्ही वेगळे सांगितले आहेत. तोंडात फिरवायच्या स्कॅनरची अचूकता कशी तपासायची यासाठी 2019 पासून आयएसओ 20896-1 हे वेगळं मानकही आहे. पण ही तपासणी टेबलावर ठेवलेल्या, कोरड्या, न हलणाऱ्या नमुन्यावर होते. त्याला जीभ नसते, लाळ नसते, कंटाळा येत नसतो. कारखान्यात नवीन गेज, म्हणजे मोजायचं साधन, आलं की आम्ही तीन ऑपरेटर, दहा जॉब आणि प्रत्येकी दोन-तीन फेऱ्या अशी परीक्षा घ्यायचो. गेज चांगलं असूनही ऑपरेटर बदलला की आकडे बदलतात हे तिथे हटकून दिसायचं. स्कॅनरचंही तेच. कांडी कुठून सुरू केली, आधी वरून फिरवली की आतून, किती वेगाने नेली, यावर निकाल बदलतो. प्रत्येक कंपनीचा आपापला मार्ग ठरलेला असतो आणि तो पाळायचा असतो. खोलीतल्या दिव्याचाही परिणाम होतो, आणि तोही प्रत्येक स्कॅनरवर वेगळा. खुर्चीवरचा मोठा दिवा डोळ्यांवर चालू ठेवून केलेलं स्कॅन आणि तो बंद करून केलेलं स्कॅन एकच असेल असं गृहीत धरू नये. कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राचं माप ठरलेल्या मापाशी ताडून पाहणं, वेळेवर झालं का, हा तर माझा लाडका प्रश्न. तो विचारला की समोरचा माणूस किती गोंधळतो त्यावरून बरंच कळतं.

माझी एक शंका मात्र खोटी ठरली, तीही प्रामाणिकपणे सांगतो. आमच्याकडे सगळी मापं 20 अंश सेल्सिअसला. तोंड 37 अंशाचं. मला वाटलं, सापडला चोर. पण हिशेब केला तर 40 मिलीमीटर टायटॅनियम 17 अंशांनी जेमतेम 6 मायक्रॉन वाढतं. चोर तो नव्हता. उलट ज्याचा मला संशयही आला नव्हता ते डॉक्टरांनी सांगितलं: तोंड फार मोठं उघडलं की स्नायूंच्या ओढीने खालचा जबडाच वाकतो, त्याची मागची दोन टोकं किंचित आत येतात. मी स्कॅनच्या वेळी सहकार्य म्हणून पाणघोड्यासारखा आ वासला होता. दुसऱ्या खेपेला अर्धंच तोंड उघडायला सांगितलं.

दुसरी खेप अशी. डॉक्टर मला लॅबमध्ये घेऊन गेले. तिथले टेक्निशियन माझ्याच वयाचे, हाताला प्लास्टर लागलेलं. त्यांच्या मते मोठ्या कामाला फोटोग्रामेट्री हा उत्तम उपाय. त्यात तोंडाबाहेरचा कॅमेरा चारही इम्प्लांटवरच्या खुणा एकत्र पाहतो, तुकडे जोडायची भानगडच नाही. हिरडीसाठी साधं स्कॅन घेऊन दोन्ही जुळवायचं. पण ते यंत्र महाग, सगळ्यांकडे नसतं, आमच्या डॉक्टरांकडेही नव्हतं. मग जुना रस्ता. चार इम्प्लांटना जोडणारी रेझिनची (घट्ट होणाऱ्या प्लास्टिकची) एक पट्टी केली, ती मधे-मधे कापली, सुटे तुकडे तोंडात इम्प्लांटवर आवळले आणि कापलेल्या फटी तोंडातच थोड्या रेझिनने सांधल्या. फट अरुंद, म्हणून रेझिन आकसलं तरी थोडंच आकसतं. ती पट्टी म्हणजे माझ्या जबड्याचं मास्टर गेज. तिच्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यावरून फाइल दुरुस्त, मग नवी फ्रेम. प्लास्टर काही देव नाही. चांगलं प्लास्टरही घट्ट होताना सुमारे 0.1 टक्का फुगतं, म्हणजे पुन्हा तेच 40 मायक्रॉन. म्हणून टेक्निशियननी साच्यावर आणखी एक पातळ, ठिसूळ प्लास्टरची पट्टी केली आणि ती तोंडात आवळायला दिली. रेझिन वाकून खोटं बोलू शकतं, प्लास्टर वाकत नाही. साचा चुकला असेल तर पट्टी तडकते. डॉक्टर एकेक स्क्रू आवळत होते आणि मी श्वास रोखून होतो. तडकली नाही. त्यानंतर फ्रेम आली आणि एका स्क्रूवर तपासली, तेव्हा डावीकडचं टोक जागचं हललं नाही.

संपादक महोदय, तुम्ही जाहिराती घेऊ नका असं मी म्हणणार नाही, पेपर चालायला हवा. पण आरोग्याच्या पानावर तुमच्याच वार्ताहराने दंत महाविद्यालयातल्या एखाद्या प्राध्यापकांना आणि लॅबमधल्या एखाद्या टेक्निशियनला विचारून यावर लिहावं. ज्यांना एक-दोन दात बसवायचे आहेत त्यांनी स्कॅनला घाबरू नये, हे त्यात यायला हवं. आणि ज्यांचा अख्खा जबडा इम्प्लांटवर उभा राहणार आहे त्यांनी पक्का ब्रिज होण्याआधी, 'मधे पट्टी लावून तपासणार का? एका स्क्रूवर दाखवणार का?' एवढं विचारावं. डॉक्टरांना राग येत नाही. माझ्या डॉक्टरांनी आता ती प्लास्टरची पट्टी प्रत्येक मोठ्या केसमध्ये सुरू केली आहे आणि सहायक मुलीला कंपनीच्या प्रशिक्षणाला पाठवलं आहे.

आपला,
एक निवृत्त क्वालिटी इन्स्पेक्टर
निगडी, पुणे

ता. क. पत्र पाठवण्याआधी डॉक्टरांना वाचायला दिलं. त्यांनी दोन दुरुस्त्या सुचवल्या. पहिली, पहिल्या खेपेच्या गोंधळात सगळा दोष कांडी धरणाऱ्या मुलीचा नव्हता. चारपैकी एक स्कॅन बॉडी बरीच वापरलेली होती आणि ती बदलायची त्यांच्याकडूनच राहिली होती. दुसरी, मी पाणघोड्यासारखा नव्हे, मगरीसारखा आ वासला होता. पहिली दुरुस्ती मान्य.